राखेचा हिशेब: चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची राख जाते कुठे आणि करते काय?

इरईकाठ (धागाकर्ते)

कोळशाच्या विजेवर धागा निघाला की सगळी चर्चा चिमणीच्या धुरावर जाते आणि राखेचा विषय एका ओळीत आटपतो. म्हणून हा धागा फक्त राखेसाठी. कोळसा चांगला की वाईट, सौर ऊर्जा कधी येणार, यावर इथे आधीच पन्नास धागे आहेत. ती भांडणं तिकडेच चालू द्या.

आधी हिशेब. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालतोय असं धरा. एक युनिट वीज करायला साधारण २४५० किलोकॅलरी उष्णता लागते. औष्णिक वीज केंद्रात येणाऱ्या कोळशाचं उष्मांक मूल्य किलोला ३६०० धरलं, तर युनिटमागे ०.६८ किलो कोळसा जळतो. संच तासाला पाच लाख युनिट करतो, म्हणजे ३४० टन कोळसा. त्यात ३६ टक्के राख धरली तर तासाला १२२ टन आणि दिवसाला २९०० टनांच्या वर. ही झाली एका संचाची. चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. साठ टक्के भाराने चालवलं तरी रोजची राख दहा हजार टनांच्या घरात जाते.

घरगुती भाषेत सांगायचं तर महिन्याला १५० युनिट जाळणाऱ्या घरामागे शंभर किलोच्या वर कोळसा जळतो आणि ३६-३७ किलो राख उरते. वहनातली गळती आणि केंद्राचा स्वतःचा वापर यात धरलेला नाही.

एवढी राख का? आपला कोळसा गोंडवाना काळातला. झाडोरा जिथल्या तिथे गाडला गेला असं झालं नाही. तो पाण्याबरोबर वाहत आला आणि त्याच्यासोबत गाळही आला. त्यामुळे माती कोळशाच्या कणाकणात मुरलेली आहे. धुतली तर थोडी कमी होते, जात नाही. आयात कोळशात राख १०-१५ टक्के असते, आपल्याकडे ३० ते ४५. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची: गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

प्रतवारीचा घोळही लक्षात ठेवा. कोळशाची जी-११ ही प्रत म्हणजे किलोला ४००० ते ४३०० किलोकॅलरी. पण खाणीवर लिहिलेली प्रत आणि केंद्राच्या यार्डात मोजलेली प्रत यांत एक-दोन पायऱ्यांचा फरक पडतो, आणि पायरी घसरली की तेवढ्याच विजेला राख वाढते.

ज्यांना यातलं आतून माहीत आहे त्यांनी लिहावं. ईएसपी (धुरातली राख विजेने पकडणारं यंत्र), राख साठवायचा बंधारा, विटा, शेती, कायदा, सगळं चालेल.

---

बॉयलर_चौथा_मजला

राख एकाच जागी पडत नाही, आणि पुढचं सगळं राजकारण त्यातूनच निघतं.

सुमारे २० टक्के राख भट्टीच्या तळाशी पडते, ती बॉटम ॲश. जाड, खड्यांसारखी, मध्ये क्लिंकरचे, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचे गोळे. ती पाण्यात विझवून, ग्राइंडरमध्ये भरडून, पंपाने ओल्या रूपात बंधाऱ्याकडे पाठवतात. उरलेली ८० टक्के धुराबरोबर उडते, ती फ्लाय ॲश. तिला ईएसपीत पकडतात.

ईएसपी म्हणजे एकामागोमाग लावलेली विजेची दालनं. प्रत्येकाला फील्ड म्हणतात. पहिल्या फील्डमध्ये सर्वांत जास्त आणि जाड राख पडते, शेवटच्या फील्डमध्ये सर्वांत थोडी पण सर्वांत बारीक. खाली हॉपर असतात. तिथून हवेच्या दाबाने राख सिलोत, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीत नेली की ती कोरडी राहते आणि विकली जाते. सिलो भरलेला असेल, राख नेणारे बंद टँकर (बल्कर) आले नसतील किंवा कोरडी लाइन बंद असेल, तर तीच राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. म्हणजे चांगला माल एका व्हॉल्व्हच्या फरकाने चिखल होतो.

आता बिघाड. ५०० मेगावॅटच्या धुरात ईएसपीच्या आधी घनमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास धूळ असते. ती ५० मिलिग्रॅमवर आणायची तर ९९.९ टक्के पकड लागते. पकड ९९.५ वर आली तर ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण बाहेर पडणारी धूळ पाचपट होते, २५० मिलिग्रॅम. हे होण्याची नेहमीची कारणं अशी:

हॉपरचा हीटर बंद पडतो, राख दमट होऊन चिकटते, हॉपर तुंबतो. राखेची पातळी वर चढून इलेक्ट्रोडला लागली की फील्ड ट्रिप. पावसाळ्यात हे जास्त. दुसरं, रॅपिंग. प्लेटवर बसलेली राख ठोके मारून खाली पाडायची असते. हातोडे झिजले किंवा वेळ चुकीची लावली की प्लेटवर थर चढतो. तिसरं कारण आपल्या कोळशाचंच. गंधक कमी असल्यामुळे राखेतून वीज सहज जात नाही, थरातच ठिणग्या पडतात आणि पकडलेली धूळ पुन्हा उडते. वर ज्याला आपल्या बाजूची गोष्ट म्हटलंय, तीच ईएसपीच्या मुळावर येते. यावर अमोनियाचा किंवा सल्फर ट्रायऑक्साइडचा अगदी थोडा डोस धुरात देतात.

नियम सांगायचे तर डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे धुळीची मर्यादा २००४ आधीच्या संचांना १००, २००४ ते २०१६ मधल्यांना ५० आणि २०१७ पासूनच्या संचांना ३० मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

---

मोगरा_७

एफजीडी बसवलं की ही राख थांबेल ना? त्यावर एवढा गाजावाजा चालला होता म्हणून विचारते.

---

बॉयलर_चौथा_मजला

नाही ताई. एफजीडी सल्फर डायऑक्साइडसाठी. त्यात चुनखडीचं पाणी धुरावर मारतात आणि जिप्सम तयार होतं. थोडी धूळ जाता जाता धुतली जाते, पण ते त्याचं काम नाही. शिवाय जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक केंद्रांना सल्फरच्या मर्यादेतून सूट मिळाली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं सुटलेली नाहीत, त्यांना २०२७ अखेरची मुदत आहे. अति-प्रदूषित पट्ट्यातल्यांचं प्रकरणागणिक ठरणार. चंद्रपूर त्या पट्ट्यात मोडतं.

---

बंधारा_वाचक

बंधाऱ्याबद्दल लिहितो, कारण लोकांना तो साधा तलाव वाटतो.

राख पाठवताना एक भाग राखेला आठ-दहा भाग पाणी लागतं. हे पातळ मिश्रण पाइपाने बंधाऱ्यात सोडतात. जाड कण पाइपाच्या तोंडाशी बसतात, बारीक दूर जातात आणि निवळलेलं पाणी पलीकडच्या विहिरीतून बाहेर काढतात. हे पाणी परत केंद्रात यायला हवं. प्रत्यक्षात परतीचा पंप बंद असला की ते नाल्यात जातं. घट्ट स्लरीची पद्धतही आहे, ६० टक्क्यांवर राख. पाणी कितीतरी वाचतं, पण पंप महाग आणि कोरडी राख सतत मिळत राहावी लागते.

मूळ बांध मातीचा. तो भरला की त्याच्यावर, आतल्या बाजूला, बसलेल्या राखेचाच पाया धरून पुढचा बांध उचलतात. असे चार-पाच टप्पे होतात. जमीन नवी लागत नाही, खर्च कमी, म्हणून सगळीकडे हीच रीत. पण मग वरचा बांध उभा असतो ओल्या राखेवर. राख पाण्याने भरलेली असली की तिच्यात ताकद नसते. म्हणून नियम असा की पाण्याचं डबकं बांधापासून जितकं लांब तितकं बरं आणि बांधाकडची राख कोरडी होत राहिली पाहिजे.

फुटण्याची कारणं जवळपास ठरलेली आहेत. पाइप एकाच जागी महिनोन्‌महिने सोडला की राख एकीकडे चढते आणि डबकं बांधाला येऊन टेकतं. बांधाच्या पोटातले झिरपनाले तुंबले की आतली पाण्याची रेघ वर चढते आणि बाहेरच्या उतारावर पाणी फुटतं. निकास विहिरीचा पाइप बांधाखालून जातो. तो गंजून तडकला तर राख आतल्या आत वाहून जाते आणि वरून काहीच दिसत नाही. आणि पावसाळ्यापूर्वी मोकळी उंची ठेवलेली नसते. एक मीटर मोकळी उंची कागदावर असते, जूनमध्ये जागेवर जाऊन बघा.

जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळा राख बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि राखेचं पाणी शेतांतून कोलार नदीत, तिथून कन्हानमध्ये गेलं. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक स्रोत. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ सासन केंद्राचा बंधारा फुटून सहा जणांचा जीव गेला. तिथे तर एप्रिल होता, पावसाचं कारणही देता येत नाही.

गावकऱ्याला बाहेरून काय दिसतं: बांधाच्या पायथ्याशी नवी ओल, उन्हाळ्यात तिथेच हिरवळ, उतारावर भेगा किंवा पोट सुटल्यासारखा फुगवटा. पाझराचं पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा, गढूळ राखाडी झालं तर बांधाच्या आतली राख निघायला लागली आहे. ते तासाभराचं प्रकरण असू शकतं. उतारावरून लांब व्हा, खालच्या वस्तीला सांगा, तहसील आणि केंद्राच्या नियंत्रण कक्षाला फोन करा. फोटोत वेळ आणि ठिकाण येऊ द्या.

---

काळी_कसदार

शेताबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणे राख म्हणजे खत, दुसरं म्हणे राख म्हणजे विष. दोन्ही अर्धवट.

भारी काळ्या जमिनीत हेक्टरी १०-२० टन राख शेणखतासोबत नीट मिसळली तर माती भुसभुशीत होते, पाण्याचा निचरा सुधारतो. नत्र तिच्यात नसल्यातच जमा, म्हणून तिला खत म्हणू नये. पण बंधारा फुटून शेतात जे येतं ते वीतभर जाड थर. तो सुकला की वर पापडी धरते, बी उगवत नाही, वारा सुटला की शेजारच्या पिकावर बसतो. असा थर नांगरून मातीत मिसळायचा नसतो. २-३ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर आधी खरवडून उचलायचा आणि मग नांगरायचं. भरपाईचा पंचनामा झाल्याशिवाय उचलू मात्र नका, पुरावाच जातो.

खाणीच्या आणि कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगत वेगळा प्रकार. वणी-घुग्घुस पट्ट्यात फुटलेल्या बोंडावर कोळशाची भुकटी बसते आणि कापसाची प्रत पडते. ती राख नव्हे. तक्रारीत दोन्ही एकत्र लिहू नका, खाण आणि केंद्र एकमेकांकडे बोट दाखवतात.

राखेत सर्वांत आधी पाण्यात उतरतो तो बोरॉन. इथे पिकापिकात फरक आहे. कपाशी बोरॉन भरपूर सोसते, ओलिताच्या पाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅमपर्यंतही. संत्रा-लिंबू अर्धा-पाऊण मिलिग्रॅमला कुरकुरतात. म्हणून एकाच विहिरीवर कपाशी मजेत आणि संत्र्याची बाग पिवळी, असं दिसू शकतं. लक्षण जुन्या पानांवर दिसतं: टोक पिवळं, मग कडा जळलेल्या, पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी चिकट ठिपके. नवी पालवी पिवळी असेल आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, राखेच्या माथी मारू नका.

विहिरीचं पाणी तपासायचं तर असं करा. एचडीपीई प्लास्टिकच्या दोन बाटल्या घ्या, एक-एक लिटरच्या. पंप दहा मिनिटं चालवून मगच भरा, त्याच पाण्याने तीनदा खंगाळून. एक बाटली साधी. दुसरी धातूंसाठी, तिच्यात प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रिक आम्ल टाकायचं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. बर्फात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. एक नमुना बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीचा हवाच, तुलनेशिवाय अहवाल म्हणजे नुसता कागद. मे आणि नोव्हेंबर असे दोनदा घ्या.

काय मोजायचं: एकूण विरघळलेले क्षार, सल्फेट, बोरॉन, आर्सेनिक, फ्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, बोरॉन ०.५, सल्फेट २००, आर्सेनिक ०.०१, फ्लोराइड १.० मिलिग्रॅम असं बसतं. आता सापळा. चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड खडकातूनच येतं. नुसतं फ्लोराइड जास्त दाखवून केंद्रावर दावा लावला तर पहिल्याच सुनावणीत पडतो. बोरॉन आणि सल्फेट दोन्ही खालच्या विहिरीत वाढलेले आणि वरच्या विहिरीत नाहीत, असं दाखवता आलं तर बोलायला जागा आहे.

---

वीट_आणि_चुरी

माझा भाग विटांचा. फ्लाय ॲशच्या विटा वाईट म्हणणाऱ्यांनी वाईट विटा घेतलेल्या असतात. का वाईट निघतात ते लिहितो.

२३० × ११० × ७५ ची वीट साधारण ३ किलोची. हजार विटांना सिमेंटच्या पद्धतीने राख १६५० किलो, चुरी (दगडाची भुकटी) १०५० किलो, सिमेंट ३०० किलो म्हणजे ६ पोती. पाणी एकूण वजनाच्या ८-१० टक्के. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा राहिला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. चुना-जिप्सम पद्धतीत राख ६०-६५ टक्के, चुरी २०-२५, चुना ८-१०, जिप्सम ५. पॅन मिक्सरमध्ये आधी राख-चुना-जिप्सम कोरडं फिरवायचं, मग चुरी, मग पाणी. सगळं एकदम ओतलं की चुन्याच्या गोळ्या राहतात आणि महिन्याने विटेवर फोड फुटतो.

प्रेसमधून निघालेली वीट पॅलेटवर दोन दिवस सावलीत, मग १४ ते २१ दिवस पाणी. बहुतेक धंदेवाले इथेच पाणी चोरतात. सात दिवसांत वीट दिसायला तयार असते, ट्रॅक्टर उभा असतो, माल जातो. राखेची चुन्याशी होणारी प्रक्रिया मंद आहे. ती पाण्याशिवाय थांबते आणि नंतर पाणी दिलं तरी पुरती भरून निघत नाही. घरी नेऊन पाणी मारू म्हटलं तर उपयोग थोडाच.

दुसरी गडबड राखेची. बंधाऱ्यातली राख फुकट मिळते म्हणून तीच वापरतात. तिच्यात तळाची जाड राख मिसळलेली असते, ओली असते, सिमेंटसारखी पकड तिला येत नाही. राखेच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ३८१२ च्या पहिल्या भागाप्रमाणे, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये आणि न जळलेला कोळसा दाखवणारी जळतीची घट ५ टक्क्यांच्या आत हवी. बंधाऱ्यातली राख बहुधा पहिल्याच अटीत नापास. ती चुरीच्या जागी थोडी चालेल, राखेच्या जागी नाही. जागेवर करायची परीक्षा: काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर राख टाका, ढवळा. वर काळा थर तरंगला तर कोळसा जास्त आहे, विटेची ताकद पडणार आणि चुना वाया जाणार.

घेणाऱ्याने काय बघावं. पाच विटा घ्या, कोरड्या वजन करा, २४ तास बुडवा, पुसून परत वजन करा. वाढ २० टक्क्यांच्या आत हवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज. मीटरभर उंचीवरून कडक जमिनीवर टाकली तर कोपरा उडाला चालेल, दोन तुकडे झाले तर परत पाठवा. गाडी उतरवण्याआधी बनावटीची तारीख विचारा. २८ दिवसांच्या आतली वीट भिंतीत गेली की ती भिंतीतच आकसते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. या भेगेला लोक राखेचा दोष म्हणतात.

गवंड्याला एवढं सांगा: मातीच्या विटेसारखी तासभर भिजवायची नाही, वरून पाणी शिंपडलं की झालं. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून सांधे सेंटिमीटरभर आत खरवडून ठेवा, नाहीतर प्लास्टर पत्र्यासारखं सुटतं.

---

शून्य_अंश

राखेत युरेनियम असतं म्हणतात. त्या विटांच्या घरात राहणं सुरक्षित आहे का?

---

वीट_आणि_चुरी

असतं, थोरियमही असतं, दोन्ही अंशमात्र. कोळसा जळून वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणून राखेत प्रमाण तिपटीच्या आसपास दिसतं. काही ग्रॅनाइटच्या फरशा त्याच पातळीच्या असतात. विटेत राख अर्धी-पाऊणच असते. घर हवेशीर ठेवा, विषय संपला. विटा करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात जाणारी कोरडी राख हा खरा धोका आहे आणि त्याला मास्क कोणी देत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही, एन-९५ लागतो.

---

कागदवाला

कायद्याकडे येऊ. १४ सप्टेंबर १९९९ ची पहिली अधिसूचना: केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी राख वापरावी. ते अंतर पुढे १०० आणि मग ३०० झालं. सध्या चालू आहे ती ३१ डिसेंबर २०२१ ची. तिचा गाभा: राखेचा १०० टक्के वापर, तीन वर्षांच्या चक्रात सरासरीने, कुठल्याही वर्षी ८० च्या खाली नाही. न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये पर्यावरणीय भरपाई. बंधाऱ्यात पडून असलेली जुनी राख दहा वर्षांत संपवायची.

आता ‘वापर’ म्हणजे काय ते वाचा. सिमेंट, विटा, रस्त्याचे भराव, धरणाचं काँक्रीट हे आहेच. पण सखल जमिनीची भरती हाही वापर, बंद खाणीत ओतणं हाही वापर. म्हणजे राख बंधाऱ्यातून उचलून दुसऱ्या गावाच्या खड्ड्यात टाकली की टक्केवारीत ती ‘वापरली’. जुन्या बंधाऱ्याचं तर विचारूच नका. तो स्थिर करून वर झाडं लावली की तिथली राख संपवायचं बंधनही सुटतं. शंभर टक्क्यांच्या बातम्या वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: त्यातली सिमेंट-विटांत किती आणि खड्ड्यात किती? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालात हे प्रकारवार दिलेलं असतं.

बॉयलरवाल्यांनी वर सांगितलेला कोरड्या-ओल्याचा फरक इथे जोडा. कोरपना-राजुरा पट्ट्यातले सिमेंट कारखाने कोरडी बारीक राख आनंदाने उचलतात, राख मिसळून करतात त्या पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के चालते. ओल्या राखेला कोणी वाली नाही. तिचाच डोंगर होतो आणि तीच खड्ड्यात जाते.

तक्रार करणाऱ्यांसाठी क्रम सांगतो. नुकसान झालं त्या दिवशी तलाठी आणि कृषी सहायक यांना लेखी कळवून पोच घ्या, पंचनाम्यात राखेच्या थराची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. नुसतं ‘राख पसरली’ लिहू देऊ नका. दुसरं, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात तक्रार आणि नमुना घेण्याची मागणी. तिसरं, माहिती अधिकारात तीन कागद मागा: केंद्राचं चालू संमतीपत्र, पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं पर्यावरण विवरणपत्र. संमतीपत्रात बंधारा आणि सांडपाणी यांच्या अटी नेमक्या असतात, भांडण त्या अटींवर करायचं.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्याला आहे. मुदत जपा. पर्यावरणाच्या वादासाठी कलम १४ खाली सहा महिने, नुकसानभरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं. दोन्हींत योग्य कारण असेल तर साठ दिवसांची सवलत. अर्ज-विनंत्यांत सहा महिने कसे गेले ते कळत नाही.

---

वर्धा_खोरे

एवढं सगळं करण्यापेक्षा केंद्रच बंद करा ना बाप्पा.

---

इरईकाठ

बंद झालं तरी राख तिथेच राहते. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच कधीच निवृत्त झाले, त्यांनी केलेली राख गेली नाही. बंद केंद्राच्या बंधाऱ्याची देखभाल, पाझर मोजणं, वर माती टाकणं याचा पैसा कोण भरणार हे बंद करण्याआधी ठरवावं लागतं. नंतर भांडायला समोर कंपनी नसते. आणि केंद्रामागे कंत्राटी कामगार, बल्करवाले, खाणवाले, टपऱ्या. कायम नोकरदाराची बदली होते, कंत्राटी माणसाची होत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित भागासाठीचा निधी या कामी यायला हवा. कोळशाची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के, जुन्या खाणपट्ट्यांवर त्या रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा निधीत जातात. ग्रामसभेच्या ठरावात पाणी तपासणी आणि आरओ सोडून कौशल्य प्रशिक्षणही मागा.

---

मोगरा_७

सखल भरतीबद्दल विचारते. आमच्याकडे प्लॉटवाले राखेने भरून वर मुरूम टाकून विकतात. घेणाऱ्याने काय बघायचं?

---

बंधारा_वाचक

रस्त्याच्या राखेच्या भरावासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी एसपी-५८ ही मार्गदर्शिका आहे, तोच गज लावा. राख दोनशे मिलिमीटरच्या थराने, ओलावा राखून, व्हायब्रो रोलरने दाबायची, प्रत्येक थराची घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के. कडेने मातीचं आवरण, वरून माती. डंपरने (हायवा) ओतून डोझरने पसरवलेली राख दाबलेली नसते. कोरडी असताना कडक वाटते, पावसाचं पाणी मुरलं की खचते.

प्लॉटवर दोन ठिकाणी दीड-दोन मीटर खड्डा घ्या. मुरूम किती, राख किती, खाली मूळ माती कुठे लागते ते मोजा. राखेचा थर अर्ध्या मीटरहून जास्त असेल आणि दाबल्याचा प्रयोगशाळा अहवाल नसेल तर पाया मूळ जमिनीपर्यंत नेण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. बोअर मारायचा असेल तर केसिंग राखेच्या खाली कठीण थरापर्यंत न्या आणि बाहेरून सिमेंट ग्राउट करा. आणि विक्रेत्याकडे प्रदूषण मंडळाची भरतीची परवानगी मागा, गट नंबरसकट. जुना नाला किंवा तळं बुजवलेलं असेल तर ते गावनकाशावर दिसतं, भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल मिळते.